झडीत फुगणाऱ्या खिडक्या

आम्ही अकोल्यात जुन्या खिडक्या काढून नव्या बसवतो. पंखा दुरुस्त करायला गेलात तर फार तर पंखा कळतो. खिडकी काढायला गेलात की भिंतीला भगदाड पडतं आणि त्यातून सगळं घरच बाहेर येतं! किस्से जमवावे लागत नाहीत, चपलेला चिकटून दुकानात येतात.

दुकानात आम्ही तिघं. मी मालक, म्हणजे मापं घेणारा आणि बोलणी खाणारा. सलीम फिटर. आणि नामदेवकाका, सत्तरी ओलांडलेले सुतार. निम्म्या गावाच्या सागवानी खिडक्या त्यांच्या हातच्या. पावसाची झड लागली की लाकूड फुगायचं, खिडकी लागायची नाही, आणि घरोघरून काकांना बोलावणं यायचं. काका रंध्याचे चार हात मारायचे, खिडकी लावून दाखवायचे आणि मग तासभर बैठक! कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचा मुलगा बारावीत अडकला, सगळं त्या तासात कळायचं. काकू गेल्या, मूलबाळ नाही. तीच घरं त्यांचं गणगोत.

आता त्याच खिडक्या ते माझ्याबरोबर काढतात. पहिल्या दिवशी सलीमनं पहार उचलली तर म्हणाले, "ठेव थे. मीच बसोली, मीच काढतो." तासाभरानं चौकट अख्खी बाहेर! सलीम म्हणाला, "काका, भंगारात द्याची हाय, सासरी नाई पाठवाची!"

काका हसले नाहीत.

*

अमरावतीच्या एका वकीलसाहेबांना मी उत्साहात सांगून बसलो होतो, "डबल काचेची खिडकी बसवा, घरबसल्या चिखलदऱ्याचा थंडावा!"

मे महिन्यात त्यांचा फोन. "कुठं हाये तुमचा चिखलदरा? इथं पापड वाकून राहिले, फायली ओल्या झाल्या!"

गेलो. काका बरोबर होते. पाहतो तर जुन्या खिडकीतला कूलर साहेबांनी खोलीत आणून ठेवलेला, खिडक्या-दारं गच्च बंद, आणि कूलर फुल स्पीडवर! बिचारा आतलीच हवा परत परत ओली करत होता. मी समजावायला गेलो तर साहेब आणखी तापले.

"मी तुमच्यावर केस टाकीन!"

काका शांतपणे म्हणाले, "टाका साहेब. पन आधी खिडकी उघडा!"

*

अंजनगाव सुर्जीकडे एका शेतकऱ्याचं घर. खिडकी काढून टेम्पोत टाकली, गाडी सुरू झाली, आणि दादा धावत आले. "थांबा! त्या चौकटीवर नंबर हायेत!"

खरंच होते. लँडलाइनच्या काळात फोन त्या खिडकीत असायचा, म्हणून पेन्सिलीनं लाकडावर नंबर लिहिलेले. कापसाचा जिनिंगवाला, गुरांचा डॉक्टर, मामा. त्यातले निम्मे नंबर बंद झालेले असणार.

मी म्हटलं, "दादा, मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या ना."

"मोबाइलमंदी हायेत हो सगळे," दादा म्हणाले. "पन हे पोरीनं लिहेल हाये. लग्नाच्या आधी."

काकांनी काही न विचारता करवत काढली, तेवढी फळी कापली, कडा घासल्या आणि दादांच्या हातात दिली. टेम्पोवाला मात्र हॉर्न वाजवत होता.

*

अकोल्याच्या जठारपेठेत एका घराला पक्की डासांची जाळी बसवली. चौथ्या दिवशी घरातल्या वहिनी दुकानात. "माहा हात बाहेर जाऊन नाही राहिला!"

समोरच्या घराची खिडकी बोळापलीकडे, हातभर अंतरावर. दोघी वीस वर्षं खिडकीतूनच भाजीच्या वाट्या देत होत्या. सलीमनं जाऊन जाळीला वाटीएवढी झडप केली. वहिनी खूश! आठवड्यानं त्यांचे यजमान आले. "अरे, त्या झडपेतून डास येऊन राहिले!"

सलीम म्हणाला, "साहेब, भाजी घेऊन येतात का, तेवढं पाहा!"

*

आता अकोल्यातल्याच, काकांच्या त्या गणगोतातल्या एका बाईंचं. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. खिडकी पश्चिमेची, दुपारी खोलीत पाय ठेववत नसे आणि डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलेलं. खिडकी काकांच्या हातची, म्हणून मी गप्प होतो. काकांनीच फटीपाशी तळहात धरला आणि म्हणाले, "काढून टाका बाई. हे आता ऊन थांबवत नाही."

नवी बसवून निघालो. रिक्षात काका एवढंच म्हणाले, "चला, हेही घर गेलं."

जुलैत झड लागली. तीन दिवस सूर्य नाही. काका दुकानात रंध्याचं पातं पुसत बसून. एकाही घरचं बोलावणं नाही. मला फार वाईट वाटायचं, कारण काकांना एकेक घर मीच तर बंद करत होतो.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन. "खिडकी लागून नाही राहिली. फुगली. काकांना पाठवा."

मी म्हटलं, "बाई, ती यूपीव्हीसीची आहे. प्लास्टिकच समजा. पाण्यात बुडवली तरी फुगत नाही."

"मी जन्मभर सायन्स शिकवलं आहे," बाई म्हणाल्या. "फुगली म्हणते तर फुगली!"

गेलो. मी एका बोटानं ढकलली, खिडकी खट्‌कन लागली. तोंड उघडणार, तोच काकांनी मला बाजूला सारलं. चष्मा लावला. कडेवरून अंगठा फिरवला. दोनदा उघडली, दोनदा लावली. बाई दारात उभ्या.

"फुगली ना?"

"फुगली," काका म्हणाले. "लय काम हाये. चहा ठेवा."