कढीपत्त्याच्या कुंडीतले बदाम

सुनीतीचा होफमायस्टरवर जीव होता आणि हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. काळजीचं कारण नव्हतं. हा जर्मन गृहस्थ दीडशे वर्षांपूर्वीच्या जमान्यातला. लाइपझिगमध्ये वडिलांच्या दुकानात गाण्यांची पुस्तकं विकायची आणि दुकान उघडण्याआधी, भल्या पहाटे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. नजर अधू, कॉलेजची पायरी कधी चढलेला नाही. पण फर्नचा जन्म त्यानं उलगडून दाखवला. बीजाणूतून थेट फर्न येत नाही. आधी नखाएवढा हिरवा बदाम येतो, पत्त्यांतल्यासारखा, आणि त्या बदामावर फर्न जन्मतो. पुढे हाच दुकानदार हायडेलबर्गला प्राध्यापक झाला!

सांगलीच्या कॉलेजात सुनीती हे शिकवायची तेव्हा मागचे बाकसुद्धा ऐकायचे. मग नवऱ्याला, रणजितला, नेदरलँड्समध्ये आर्नहेमला नोकरी लागली आणि व्हिसावर मॅडमची 'डिपेंडंट' झाली. घर तिनं झकास चालवलं, पण हातात खडू नाही याची रुखरुख काही गेली नाही.

लॉकडाउनमध्ये शाळा बंद झाल्या. मुलीच्या, म्हणजे अश्लेषाच्या बाईंनी विचारलं, ऑनलाइन वर्गात कुणी पालक काही दाखवेल का? सुनीतीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. नदीकाठच्या जुन्या भिंतीवरच्या फर्नचे बीजाणू आणले, मैत्रिणीच्या, मेधाच्या डब्यात ओली माती घालून पेरले आणि खिडकीत ठेवले. हळूहळू मातीवर हिरवी साय धरली. सुनीती हवेत तरंगू लागली.

इकडे घरून काम करणाऱ्या रणजितला साफसफाईचा चेव चढला होता. लोकांचा डबा इतके दिवस ठेवून घेणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं तो घासूनपुसून लख्ख केला. रिकामा डबा परत देतात का कुठे? त्यानं बेसनाचे लाडू भरले, मेधाच्या दारात डबा ठेवला, बेल वाजवून लांब उभा राहिला आणि पुण्य पदरात पाडून घरी आला.

"अगं, तुझी कोथिंबीर उगवलीच नव्हती. नुसतं शेवाळ!"

"कोथिंबीर नव्हती ती! माझा वर्ग होता तो!" सुनीती रडायलाच लागली.

"माती टाकली नाहीये हं. कढीपत्त्याच्या कुंडीत घातलीय," रणजित चाचरत म्हणाला. ती त्याच्याशी बोलेना.

वर्गाच्या दिवशी सकाळी, बाईंना नाही कसं कळवायचं या विचारातच, तिनं आमटीला फोडणी टाकली. कढीपत्ता तोडायला गेली. थंडी बाधू नये म्हणून कुंडीवर घातलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिथेच खाली बसली. दमट मातीवर हिरवेगार बदाम उगवले होते, दाटीवाटीनं.

"रणजित! अरे, लॅपटॉप आण!"

आमटी करपली. कॅमेरा कुंडीत शिरला. पडद्यावर डझनभर डच नाकं चिकटली आणि सुनीतीनं त्यांना दुकानातल्या होफमायस्टरची गोष्ट सांगितली, मोडक्या डचमध्ये, पण अगदी सांगलीच्या थाटात. एका मुलीनं हात वर केला.

"युफ, त्याला दुकानात कंटाळा यायचा का?"

सुनीती बोलायची थांबली. अश्लेषाला वाटलं, आईला कळलं नाही. एरवी डचमध्येच उत्तरं देणारी ती पोर कानाशी येऊन मराठीत कुजबुजली, "आई, युफ म्हणजे मॅडम."

"माहितेय गं," सुनीती म्हणाली आणि डोळे पुसून उत्तर द्यायला लागली.