तेलाच्या वाळूवरचा खेळाडू

आमच्या कारखान्यात गोल्फ खेळणारा कामगार एकच होता, पोपट ओव्हाळ. हे ऐकून नारायण पेठेतले माझे शेजारी हसायचे. मी म्हणायचो, "हसा. तुमच्यापैकी कुणाला कॅरम तरी धड येतो का?"

पोपट टूलरूममध्ये फिटर, मी ड्रॉइंग ऑफिसात. तो राहायला खडकीला. कारखान्याच्या मागे गोऱ्या साहेबांच्या काळापासून नऊ होलचं मैदान होतं. मैदान म्हणजे मुरूम, बाभळी आणि कुसळं. होलभोवती जिथे हिरवळ असायला हवी, तिथे जुन्या तेलात कालवलेल्या वाळूचं काळपट वर्तुळ. त्याला ब्राउन म्हणत. वाळूत बुटांचे ठसे उमटतात, म्हणून चेंडू होलकडे ढकलण्याआधी मधली वाट सारखी करून घ्यायची, अशी तिथली रीत. त्यासाठी एक पोतं ठेवलेलं असे. पण पोतं आणायला जायचा कंटाळा, म्हणून पोपट बुटाच्या तळव्यानेच काम भागवी. साहेब लोक मोठ्या क्लबांत गेले तसं हे मैदान ओस पडलं. पोपटने कुणाची तरी टाकून दिलेली स्टिक उचलली आणि पुढची सगळी वर्षं शिफ्टच्या आधी तो तिथेच सापडायचा.

दोन हजार सालानंतर कारखान्याला घरघर लागली. आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली; तिच्यातली स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका. मैदानाची जमीन आयटी पार्कला गेली. दिवाळीनंतर तिथे कुंपण घातलं जाणार होतं.

"सकाळी घरात असले की घर खायला उठतं यांना, मैदान गेल्यावर काय करणार," पोपटची बायको शैला मला म्हणाली. "भाऊ, तुम्हीच सांगा काहीतरी."

मी काय सांगणार? सांगितलं पेपरने. शहराबाहेरच्या एका नव्या टाउनशिपच्या गोल्फ क्लबाने हौशी खेळाडूंची स्पर्धा जाहीर केली होती. जिंकणाऱ्याला त्यांच्या मैदानावर वर्षभर फुकट खेळायची मुभा. पोपटचे डोळे त्याच ओळीवर खिळले. अंतिम फेरी त्यांच्या मैदानावर, पण त्याआधीच्या तीन फेऱ्या पुण्यातल्या कुठल्याही मैदानावर खेळून सही-शिक्क्यानिशी फटक्यांची कार्डं पाठवायची होती. मैदान आपापलं निवडायचं.

पोपटने तिन्ही वेळा आपलंच निवडलं.

"अरे, एक तरी फेरी गवतावर खेळ," मी म्हणालो.

"कुठे? तिथे गेटवर विचारतात, कोणाचे पाहुणे. काय सांगू, कोणाचा?"

"सांग, माझा."

"तुला तरी कोण आत सोडतंय, दिगंबर?"

मुद्दा बिनतोड होता. तिन्ही कार्डं झकास झाली आणि पोपट अंतिम फेरीत पोचला.

त्या रविवारी मी त्याच्या मागे मागे फिरलो. एवढं हिरवं मी लग्नाच्या शालूतसुद्धा पाहिलं नव्हतं. पोपटच्या जोडीला अनिरुद्ध नावाचा एका सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर होता. मुलगा चांगला होता, हे कबूल करावंच लागेल. "सर, ग्रेट शॉट," असं मनापासून म्हणायचा. पोपट सुरुवातीला अडखळला, मग सावरला. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो, आणि शेवटच्या होलपाशी तो एका फटक्याने पुढे होता. चेंडू होलपासून जेमतेम दोन हातांवर. मी मनात पेढे वाटले.

पोपट चेंडूजवळ गेला, आणि उजव्या पायाने चेंडूपासून होलपर्यंतचं गवत घासलं. अगदी सावकाश, रोजच्यासारखं. मग तो थांबला.

अनिरुद्ध आपल्या चेंडूकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचंही लक्ष नव्हतं. मला तर त्यात काही वावगं आहे हेही कळलं नाही.

"मी वाट घासली," पोपट म्हणाला. "हिरवळीवर हे चालत नाही. दंडाचे दोन फटके."

"सर, आय डिडन्ट सी एनीथिंग," अनिरुद्ध गोंधळून म्हणाला.

"मला दिसलं ना."

पोपट एका फटक्याने हरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी प्रामाणिकपणावर चार शब्द बोललं. मला त्या टाळ्यांचा असा संताप आला! फुकटच्या टाळ्या, त्यांच्यावर कुणाची सकाळ निघते? पोपट मान खाली घालून बूट पुसत होता. अनिरुद्धने त्याचा फोन नंबर घेतला. "सर, शनिवारी माझे गेस्ट म्हणून या. मी नक्की फोन करतो."

दिवाळीनंतर आमच्या मैदानाला पत्र्याचं कुंपण लागलं. पोपटने तिकडे जाणंच सोडलं.

उन्हाळ्यात एका शनिवारी मी खडकीला गेलो. पोपट कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसला होता. स्टिकांची पिशवी दाराशी, बूट पॉलिश केलेले. शैलाने मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. पण मला कुठलं राहवतंय.

"पोपट, नाही येणार त्याचा फोन."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बस. शैला चहा करते आहे. शनिवार असला की निदान आंघोळ करून तयार तरी होतो मी."