खोकं शॉर्ट आहे

ही वही कुणी उघडलीच तर आधी माफ करा. माझी चौथीच झाली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर गिचमिड आहे. पण बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

सोनगीरला आमच्या बचत गटाला एलईडी बल्ब जोडायचं काम मिळालं. प्रशिक्षण झालं. मास्तर भरभर बोलायचे, बायका माना हलवायच्या. मीही हलवली.

बल्ब तयार झाला की सिरीज बोर्डावर लावून बघायचा. बोर्डावर एक जुना पिवळा बल्ब असतो. तोच भगभगीत पेटला आणि आपला विझलेला राहिला, तर आपला बिघडलेला. असे बिघडलेले तपासणीच्या बायका एका खोक्यात टाकत; मी पॅकिंगला, मला ते ठाऊक नव्हतं. एक दिवस गटाच्या अक्का ते खोकं दाखवून म्हणाल्या, "ते शॉर्ट शे. बाजूले ठेव."

माझं माहेर यावलकडचं. लग्नाआधी मी केळीच्या पॅकिंगला जायची. तिथे खोकं शॉर्ट म्हणजे वजनाला कमी. वरून एक फणी टाकायची, की झालं पूर्ण. मी खोक्यात पाहिलं. पन्नासाच्या खोक्यात अठराच बल्ब होते. मी चांगले बत्तीस मोजून वर भरले, चिकटपट्टी लावली आणि बाजूला, म्हणजे तयार मालाच्या थप्पीत ठेवलं. मनात म्हटलं, आज सांगायच्या आधी काम केलं.

ते खोकं धुळ्याच्या दुकानात गेलं. दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर बल्ब लावला आणि दुकानाचा फ्यूज उडाला. दुसरा लावला, पुन्हा उडाला. त्याने सगळीच ऑर्डर परत केली.

"तोंड शे ना तुले? इचारानं नही का?" अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग बायका मला शॉर्टबाई म्हणू लागल्या. माना त्यांनीही हलवल्या होत्या. शॉर्ट म्हणजे काय हे त्यांच्यातल्या एकीला तरी सांगता आलं असतं का, देव जाणे. नुकसान मात्र माझ्या एकटीच्या मजुरीतून कापायचं ठरलं.

माफी मागायला अक्का मला धुळ्याला घेऊन गेल्या. मी खाली बघत उभी. दुकानदार म्हातारे मुसलमान चाचा होते. त्यांनी विचारल्यावर मी पुटपुटले, ते केळीच्या खोक्याचं ऐकून ते हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, "बेटी, करंट आळशी असतो. बल्बमधून जायचं म्हणजे त्याला मेहनत. मधेच जवळची वाट सापडली की तिथूनच पळतो. त्या जवळच्या वाटेला शॉर्ट म्हणतात. आणि वाटच तुटली तर ओपन."

मग त्यांनी डिजिटल मीटर काढला. काटा नाही, सरळ आकडा दाखवतो, म्हणून डिजिटल. त्याच्या दोन तारा त्यांनी बिघडलेल्या बल्बला टेकवल्या. मीटर वाजला, आकडा शून्य. "शून्य म्हणजे अडथळाच नाही. अडथळ्याला रेझिस्टन्स म्हणायचं. तो हवाच, नाहीतर आग."

चहा निवायच्या आत एवढं सगळं कळलं. ज्याचा फ्यूज मी उडवला त्याने सांगितलं. ज्यांच्या शेजारी बसून मी रोज भाकरी खाते, त्यांना हसायलाच वेळ पुरला. हे अजून सलतं.

पुढे वर्षभर अर्धी मजुरी भरपाईत गेली. बिघडलेल्या बल्बच्या खोक्यावर मी मोठ्या अक्षरात 'खराब' लिहू लागले. त्यालाही हसल्या.

काल मजुरी वाटून झाल्यावर नुकसानीचे शेवटचे सहाशे मी वेगळे काढून अक्कांच्या हातात दिले. त्यांनी मोजले आणि मोठ्याने म्हणाल्या, "शंभर शॉर्ट शेत." बायका खिदळल्या.

मी म्हटलं, "परत मोजा, अक्का."

बायका वळून बघू लागल्या. माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. अक्कांनी बोटाला थुंकी लावली. दोन नोटा चिकटल्या होत्या. सहा भरल्या. त्यांनी वहीत माझ्या नावापुढच्या बाकीवर काट मारली. सगळे फिटले.