ताईसाठी चांगलं पाणी

माझ्या आत्याला घरात सगळे ‘का-आत्या’ म्हणतात. दूध उतू जायला लागलं की बाकीची माणसं गॅस बंद करायला धावतात, ही आधी विचारते, “दूधच का उतू जातं? पाणी का नाही जात?” तोवर ओटा न्हाऊन निघालेला असतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता निवृत्तीला आली, पण ‘का’ काही सुटला नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा. कापड रंगवायचा त्यांचा छोटा कारखाना आमच्या घरामागेच आहे. मागच्या नाल्याला लाल पाणी यायला लागलं, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि प्रदूषण मंडळाचे साहेब बजावून गेले: सांडपाण्याचा रंग काढून दाखवा, नाहीतर कारखान्याला टाळं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याचे डोळे मात्र लकाकले. “मला तुझ्याकडचं पाणी पाठव,” ती म्हणाली, “बघू या काय होतं ते.”

बाबा कॅन भरून पाठवू लागले. ती काय करते ते बघायला मी तिच्या प्रयोगशाळेत गेले, आणि खरं सांगते, मलाही तो नाद लागला. कॉलेजच्या अंगणातली निलगिरीची पानं ती धुऊन उकळायची. त्यांचा तपकिरी काढा गाळून लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात ओतला, की बघता बघता सगळं काळंकुट्ट. “हे लोखंडाचे कण,” ती म्हणाली. “नॅनोकण. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. पानांतला अर्कच ते घडवतो, आणि एकमेकांना चिकटूही देत नाही.” ते काळं पाणी तिने कॅनमधल्या लाल पाण्यात घातलं. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत लाली पार उतरली होती आणि तळाशी काळा गाळ बसला होता. मी टाळ्याच वाजवल्या. “का झालं हे?” असं तिने मलाच विचारलं.

साहेबांना बोलावलं. कारखान्याच्या हौदातलं पाणी पिंपात घेऊन आत्याने काळा काढा ओतला. आम्ही वाट बघत बसलो. पाणी लालच राहिलं, वर गढूळ झालं ते वेगळं. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “बाई, आगीतून फुफाट्यात!” महिनाअखेरची मुदत देऊन ते निघून गेले.

पुढचे दिवस आत्याचे वाईट गेले. तिने पानं बदलली, काढा कमी उकळला, जास्त उकळला. कॅनमधलं पाणी दर वेळी स्वच्छ व्हायचं, मग हौदापाशीच का फसलं ते कळेना. “माझाच हात बसत नाहीये आता,” ती एकदा म्हणाली, तेव्हा मला भरून आलं. असं बोलणारी बाई नाही ती.

शेवटी एका सकाळी न सांगताच ती कारखान्यात आली. बाबा तेव्हा तिचाच कॅन भरत होते. कॅन आतून-बाहेरून घासलेला, त्यात नळाचं ताजं पाणी, आणि त्यावर बाबा डब्यातला कोरा लाल रंग चमच्याने घालत होते.

“हे काय रे?”

बाबा चोरासारखे उभे राहिले. “ताई, हौदातलं पाणी तू बघितलंयस ना? वास मारतो त्याला. असली घाण बहिणीकडे पाठवायची का? लाल रंग तर तोच आहे ना!”

मला वाटलं, आता आत्या कडाडणार. ती खुदकन हसली. “अरे वेड्या! घाणीसाठीच तर बसलेय मी!”

पदर खोचून ती हौदाशी वाकली, ओंजळभर पाणी घेऊन बोटं एकमेकांवर चोळली. “बुळबुळीत का लागतंय?”

“धुण्याचा सोडा,” बाबा पुटपुटले. “रंग कापडावर पक्का बसायला घालतोच की आम्ही.”

“सोडा!” आत्या पोरीसारखी ओरडली. सोड्याच्या पाण्यात तिच्या कणांचं काही चालत नव्हतं. आधी थोडं आम्ल घालून सोड्याचा जोर मोडला आणि मग काढा ओतला, तेव्हा त्याच हौदाच्या पाण्याची लाली उतरली. पहिल्या फटक्यात नाही. चार-पाच वेळा तोंडघशी पडल्यावर.

मुदत संपायच्या आत साहेब पुन्हा आले. पिंपातल्या नितळ पाण्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. “पाणी हौदातलंच आहे कशावरून? नळाचं आणून ठेवलं असेल.”

मी बाबांकडे बघितलं. कुणी आलं की हौदावर घाईघाईने ताडपत्री ओढणारे माझे बाबा! त्यांनी ती ताडपत्री स्वतः बाजूला फेकली. वास आला, साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बाबांनी बादली त्यांच्या हातात दिली.

“हे असं निघतं आमच्याकडून, साहेब. तुम्हीच भरा. तळापासून भरा. आणि मग माझ्या ताईला द्या.”