मुक्काम हलला नाही

आमचं घर मुळात घर नव्हतंच. जिंतूरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर निजामाच्या काळात वाटसरूंसाठी बांधलेली ती सराई. पुढे वाट दुसरीकडून गेली, वाटसरू गेले आणि मुक्कामाला आलेले आमचे आजोबा तेवढे राहिले. याला आमच्याकडे वारसा म्हणतात.

बांधणाऱ्याने मात्र डोकं लावलं होतं. मधे चौक, चौकात आड, भोवती दगडी कमानींचे नऊ खण. प्रत्येक खणाला आपली चूल, आपली दिवळी, बैल बांधायला भिंतीत दगडी कडं. एका खणातून दुसऱ्यात जायला दार नाही, कारण परक्यांनी एकमेकांच्या चुलीत डोकावू नये. आमच्या एकत्र कुटुंबाला ही रचना फार मानवली. काकूकडे वाटीभर साखर मागायची तर पावसात छत्री घेऊन जावं लागे.

दाराजवळचा खण तेवढा मोकळा असे. दिवाळीनंतर एक मेंढपाळ म्हातारी कळप घेऊन येई आणि नुकती जन्मलेली कोकरं उभी राहीपर्यंत तिथं थांबे. निघताना रांजण भरून, पुढच्या वाटसरूसाठी चुलीशी जळतनाची मोळी ठेवून जाई. सराईचा तो रिवाज. पुढचे वाटसरू कायम आम्हीच. त्या जळतनावर आमचं अंघोळीचं पाणी तापलं. आम्ही मात्र कधी काडीही ठेवली नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोर्चांसाठी पत्रकं लिहीत. मला अक्षरओळख त्यांच्या पत्रकांवरच झाली. 'जनतेची जागा जनतेला' हे मी 'कमळ' वाचण्याआधी वाचलं. दिवळ्यांत दिवे नव्हते, गठ्ठे होते.

गेल्या साली मला बघायला पाहुणे आले असताना म्हातारीने अण्णांना नेहमीसारखं विचारलं, "काय दादा, मुक्काम हलला न्हाई का अजून?"

पाहुणे हसले. अण्णा हसले नाहीत. यंदा दिवाळीआधीच त्यांनी प्रवेशाच्या कमानीला लोखंडी गेट सांगितलं. कारण, मोकाट कुत्री. ती निजामाच्या काळापासून येत होती, पण असो.

गेट बसलं त्या दिवशी अण्णा परभणीला अतिक्रमणविरोधी मोर्चात होते. वेल्डिंगवाल्याने विचारलं, "कडी आतून लावू ना, ताई?"

"दोन्हीकडून उघडेल अशी लाव."

"मग गेट कशापायी करायलाव?"

"शोभेला."

अण्णांनी परतल्यावर कडी हलवून पाहिली. "ही तर बाहेरून बी उघडायलीय."

"जनतेची जागा आहे, अण्णा."

"ते पत्रकात असतंय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी मी शेतातून तुराट्यांची मोळी आणून मोकळ्या खणातल्या चुलीशी ठेवली.

म्हातारी आली ती पदरात दोन कोकरं घेऊन. एक अजून मान धरत नव्हतं. तिने कुलूप पाहिलं, गजांआड उभ्या अण्णांना पाहिलं आणि खऱ्याच काळजीने विचारलं, "दादा, कोंडून घातलं का काय तुमाला?"

अण्णांनी खिशातून किल्ली काढली.

ती आत गेली, कोकरं चुलीशी टेकवली आणि मोळीवर हात ठेवून थांबली. "हे कुणी ठिवलं?"

"आधीच्या मुक्कामवाल्यांनी," मी म्हणाले.

अण्णा कुलूप हातात घेऊन तिथंच उभे होते. मग वाकून त्यांनीच चुलीत दोन तुराट्या सारल्या.