अकरा मिनिटांत आलेला खुलासा

अकरा मार्च, सोमवार. रक्कम अठरा हजार सहाशे चाळीस.

एवढ्या रकमेचं एक बिल त्या दिवशी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पंपांच्या कंपनीच्या ऑफिसात ईमेलने आलं. पंपांच्या सहा जळक्या मोटारींना नवीन तांब्याची तार भरून दिल्याचं बिल. काम झालेलं होतं, मोटारी फिरत होत्या, बेरीज बरोबर होती. बिल सोळा आणे खरं होतं. आणि तेवढंच एक अडकलं.

अडवणारे गृहस्थ आवक-जावकच्या टेबलावर बसत. ऑफिसात त्यांना मागे सगळे ‘पोचपावती’ म्हणत. आलेल्या प्रत्येक कागदाची पोच त्याच दिवशी पाचच्या आत गेली पाहिजे, हा त्यांचा तेहतीस वर्षांचा नेम. जाहिरातींची पोच जाई, फुकट आलेल्या कॅलेंडरांची जाई. एकदा त्यांनी एका पोचेचीच पोच पाठवली. समोरचाही त्यांच्याच जातकुळीचा निघाला आणि तो पत्रव्यवहार दीड महिना चालला. शेवटी टपालखर्चाकडे बोट दाखवून साहेबांनी तो बंद पाडला. घरीही बायकोने चहा आणून ठेवला की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, “मिळाला.”

“अहो, मिळाला काय म्हणता? छान झालाय म्हणावं माणसाने.”

“पिऊन मग कळवतो.”

तीस एप्रिलला ते निवृत्त होणार होते. कंपनीत एक जुनी रीत होती. ज्याच्या सेवापुस्तकात एकही शेरा नाही, त्याला निरोपाच्या दिवशी साहेब उभे राहून पत्र वाचून दाखवत आणि त्यात ‘निष्कलंक’ हा शब्द असे. बाकीच्यांच्या पत्रात ‘दीर्घ’ असे. सत्तर वर्षांत निष्कलंक दोघेच निघाले होते. तिसरे आपण, हे पोचपावतींनी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. सेवापुस्तक कोरं होतं, दीड महिना उरला होता. त्यांना आता आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. पगारवाढही नको होती. ती तशीही मिळणार नव्हती.

जानेवारीत कंपनीने एक संगणकबाई नेमली होती. आठवड्यातून दोनदा यायची, यंत्रं तपासायची, जायची. तिने एकदा सगळ्यांना बसवून ईमेलबरोबर येणाऱ्या फाइलींबद्दल तासभर सांगितलं. “फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी दिसली, की हात थांबवायचा. तिथे लिहिलेलं असतं, ही फाइल बाहेरून आलीय, धोका असू शकतो. ते वाचायचं. बाजूचं ‘चालू करा’ हे बटण दाबायचं नाही. अनोळखी माणसाची फाइल असेल तर उघडायचीच नाही. आणि शंका आली, तर पाठवणाऱ्याला विचारायचं.”

बाकीचे तासभर जांभया देत होते. पोचपावतींनी मात्र शब्दन् शब्द उतरवून घेतला, टंकित केला आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवला. पिवळी पट्टी त्यांना मनापासून आवडली. तेहतीस वर्षांत त्यांच्याशी इतक्या रीतसर भाषेत दुसरं कुणी बोललंच नव्हतं.

घोळ झाला तो शेवटच्या नियमापाशी. संगणकबाई म्हणाली होती, विचारायचं. तिच्या मनात होतं, आपल्या वहीतला जुना नंबर काढून फोन करायचा. पोचपावतींच्या लेखी फोन म्हणजे हवा. त्याचा कागद राहत नाही. म्हणून त्यांनी एक नमुना तयार केला. ज्या ईमेलबद्दल शंका, त्याच ईमेलला उत्तर म्हणून तो जाई:

‘आपण पाठवलेली फाइल धोकादायक आहे किंवा कसे, तसेच आपण अनोळखी आहात किंवा कसे, याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’

खुलासा आला की त्याला आवक क्रमांक पडे आणि बटण दाबलं जाई. म्हणजे चोराला पत्र टाकून विचारायचं, की बाबा रे, तू चोर आहेस काय? आणि तो नाही म्हणाला की दार उघडायचं. या सगळ्यासाठी त्यांनी पानांवर छापील आकडे असलेली वेगळी वही घातली होती. पट्टी कधी दिसली, पत्र कधी गेलं, खुलासा कधी आला, बटण कधी दाबलं, सगळं तासा-मिनिटांसकट.

मोटारींना तार भरणारा वाइंडिंगवाला त्या नमुन्यात अलगद सापडला. त्याचं स्वतःचं ईमेल नव्हतं. बिल त्याच्या मुलीच्या ईमेलवरून आलं होतं आणि त्या पोरीने शाळेत असताना स्वतःचं नाव ‘फुलपाखरू नव्याण्णव’ ठेवलेलं होतं. फाइलीचं नाव होतं ‘बिल नवीन शेवटचं खरंच शेवटचं’. पोचपावतींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि नमुना रवाना केला.

तीन दिवसांनी खुलाशाऐवजी वाइंडिंगवालाच आला. हाताला वार्निशचा वास, हातात छापलेला नमुना.

“हे काय आहे? मी धोकादायक?”

“आपण नाही. फाइल. किंवा कसे.”

“वीस वर्षं तुमच्या मोटारी भरतोय मी! अनोळखी आहे का, म्हणे. अहो, मागच्या आठवड्यात याच खुर्चीवर बसून चहा प्यालो की.”

“चहाची नोंद नसते. आपल्याला मी ओळखतो. फुलपाखराला ओळखत नाही.”

“ती माझी मुलगी आहे.”

“तसं लेखी द्या.”

“मी इथे समोर उभा आहे!”

“तेच तर म्हणतो. उभे आहात, बसा, लिहा.”

वाइंडिंगवाल्याने खुर्ची मागे सारली. “नाही लिहीत. पंपाच्या पाण्यात बुडवा ते बिल,” म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

पलीकडच्या टेबलावर खरेदी बघणारी मुलगी बसे. सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नोकरीवर होती, चार झाले होते. ती हळूच म्हणाली, “काका, तेच होते ना ते? आवाजही त्यांचाच होता.”

“आवाज फाइल होत नाही, बाळ.”

अठरा मार्चला सकाळी साडेअकराला आणखी एक ईमेल आलं. मालवाहतुकीच्या कुठल्याशा कंपनीचं. वर सुरेख छापील नाव-पत्ता असलेला कागद, संदर्भ क्रमांक, विषय, ‘सविनय सादर’. आपला एक खोका आमच्या गोदामात पडून आहे, भाडं चढत आहे, तपशील सोबतच्या फाइलीत. पोचपावतींना असा कुठला खोका आठवेना. त्यांनी नमुना पाठवला. घड्याळात अकरा एक्केचाळीस.

अकरा बावन्नला खुलासा हजर.

अकरा मिनिटांत! तेहतीस वर्षांत एकाही पार्टीने त्यांना अकरा दिवसांतसुद्धा उत्तर दिलं नव्हतं. आणि काय ती भाषा! ‘आपल्या दक्षतेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आमची फाइल पूर्णतः सुरक्षित असून आम्ही अनोळखी नाही. फाइल नीट दिसण्यासाठी पिवळ्या पट्टीवरील ‘चालू करा’ हे बटण दाबावे, ही नम्र विनंती.’ पोचपावतींनी ते पुन्हा एकदा वाचलं. जगात अजून काही माणसं शिल्लक आहेत, असं त्यांना वाटलं. खुलाशाला दोनशे बारा क्रमांक दिला आणि बारा वाजून तीन मिनिटांनी बटण दाबलं.

पान कोरं निघालं. त्यांनी पोच पाठवली: ‘आपली कोरी फाइल मिळाली.’

दोन वाजता वाइंडिंगवाल्याचा फोन आला. आवाजात गुळाची ढेप.

“साहेब, नमस्कार. आपलं ईमेल आलंय आमच्या फुलपाखराकडे. सोबत फाइल आहे. उघडली तर वर पिवळी पट्टी. आता मला सांगा, आपली फाइल धोकादायक आहे किंवा कसे?”

“मी कुठलीही फाइल पाठवलेली नाही.”

“तसं लेखी द्या ना!”

पोचपावतींनी जावकची वही उघडली. त्या दिवशी खोकेवाल्यांना गेलेला नमुना आणि पोच सोडून काहीच पाठवलं नव्हतं. मग त्यांनी संगणकात पाहिलं. बारा दहापासून ऑफिसच्या नावाने त्रेचाळीस पार्ट्यांना एकेक फाइल गेलेली होती. मजकूर होता, ‘हिशेब सोबत जोडला आहे, कृपया पोच द्यावी.’ त्यांच्याच शैलीत.

“ते बटण दाबू नका,” ते म्हणाले.

“मी कशाला दाबतोय? मला तुम्हीच शहाणं केलंय,” वाइंडिंगवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

संगणकबाई धावत आली. आल्या आल्या तिने भिंतीवरच्या डब्यातली वायर उपटली. त्याबरोबर ऑफिसचा फोनही मेला, कारण दोन्ही एकाच डब्यातून चालत. “किडा शिरलाय,” ती म्हणाली. “ज्याने ज्याने ही फाइल उघडून बटण दाबलं, त्याच्या संगणकाला कुलूप लागणार. तुमचं ईमेल तिन्ही टेबलांवर एकच आहे. कुठल्या यंत्रावर उघडलं आणि किती वाजता, ते मला कळलं पाहिजे. नाहीतर तिन्ही यंत्रं पुसावी लागतील. चार दिवस ऑफिस बंद.”

साहेब बाहेर आले. त्यांनी तिन्ही टेबलांकडे पाहिलं. रोखपाल आठवडाभर रजेवर होता. पोचपावतींवर त्यांची नजर क्षणभरही थांबली नाही, सरळ पुढे गेली.

“खरेदीचं टेबल. तुम्हीच उघडली असणार.”

“नाही साहेब. मी नाही,” मुलगी म्हणाली.

“मग काय यांनी उघडली? आपल्या ऑफिसात एकच माणूस असा आहे, जो पट्टीसुद्धा छापून फाइलला लावतो. उद्यापासून येऊ नका. तात्पुरतीच तर नोकरी आहे.”

मुलीने पाण्याची बाटली पिशवीत टाकली. कपातल्या पेन्सिली काढल्या. त्यातली एक ऑफिसची होती, ती परत कपात ठेवली.

पोचपावती टेबलाशी बसून होते. वही खणात होती आणि खणाची किल्ली त्यांच्या खिशात. वहीबद्दल त्यांच्याखेरीज कुणालाही माहिती नव्हती. पानावर आकडा छापलेला, म्हणून पान फाडता येत नव्हतं. पण खण न उघडायला कुणाची बंदी होती? उरले होते दिवस त्रेचाळीस. गप्प बसायचं एवढंच काम होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता.

त्यांनी खण उघडला.

“पान अठरा,” ते संगणकबाईला म्हणाले. “पट्टी अकरा छत्तीसला दिसली. पत्र एक्केचाळीसला. खुलासा बावन्नला. बटण बारा तीनला. माझं यंत्र.”

संगणकबाईने पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. “काका, तुम्ही त्यालाच विचारलंत? फाइल पाठवणाऱ्याला? त्याच ईमेलवर?”

“आपणच सांगितलं होतं, विचारायचं.”

“अहो, फोन करून! आपल्याकडच्या जुन्या नंबरवर! चोर कधी मी चोर आहे म्हणेल का?”

“लेखी नाही म्हणाला होता,” पोचपावती म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते वाक्य ऐकू आलं.

साहेब बराच वेळ वही चाळत उभे राहिले. एवढं मोठं गाढव आणि एवढा मोठा प्रामाणिक माणूस एकाच खुर्चीत बसलेला त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. “हे तुम्ही दाखवलं नसतंत तरी चाललं असतं,” ते शेवटी म्हणाले.

“तिला नसतं चाललं,” पोचपावती म्हणाले.

मुलीने बाटली पुन्हा टेबलावर ठेवली.

पार्ट्यांना ताबडतोब कळवायला हवं होतं, फाइल उघडू नका म्हणून. ईमेल बंद, फोन मेलेला. पोचपावतींकडे मोबाइल नव्हता. ज्या यंत्रात बोललेलं उरत नाही ते खिशात कशाला बाळगायचं, असं त्यांचं मत होतं. मुलीने आपला मोबाइल पुढे केला. “घ्या काका. बोला.”

त्रेचाळीसपैकी एकाला कळलेलंच होतं. उरलेल्या बेचाळीसांशी पोचपावती संध्याकाळपर्यंत बोलले. जुन्या वह्यांतून नंबर काढून, एकेकाला, हवेत, बिनकागदाचं. “मीच बोलतोय. हो, मीच. माझी फाइल उघडू नका.” बहुतेकांनी ती उघडायचीच बाकी ठेवली होती, पोचपावतींचं पत्र महिनाभर न उघडण्याची त्यांना सवय होती. त्या आळसाने सदतीस जण वाचले. पाच तत्पर पार्ट्या बुडाल्या आणि त्यांची यंत्रं दुरुस्त होईपर्यंत आठवडा गेला.

बेचाळीस झाल्यावर त्यांनी वाइंडिंगवाल्याला फोन लावला.

“बिल पास करतोय. उद्या घेऊन जा.”

“आणि खुलासा?”

“नको.”

“असं कसं? मुलीने लिहून ठेवलाय. दोन पानं आहेत. फुलपाखरू का, तेही आहे त्यात.”

“आणा मग,” पोचपावती म्हणाले. “वाचायला आणा.”

शेरा वीस मार्चला पडला. ‘हलगर्जीपणा, तथापि स्वतःहून निदर्शनास आणला.’ साहेब घाईत तारीख घालायला विसरले होते. पोचपावतींनी सेवापुस्तक परत पाठवून ती घालून घेतली. तीस एप्रिलला साहेबांनी उभं राहून पत्र वाचलं. त्यात ‘दीर्घ’ होतं. खरेदीच्या मुलीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या; तिची नोकरी त्याच महिन्यात कायम झाली होती.

त्या दिवशीच्या कॉलांचे तिच्या मोबाइलचे एकतीस रुपये झाले. पोचपावती ते द्यायला गेले तेव्हा त्यांनी पावती मागितली. एकतीसची कसली पावती, म्हणून ती हसली आणि तिने दिली नाही. पैसे अजून द्यायचे आहेत.