बायोडेटातला गुडघा

“मागूनच काढा म्हणा डॉक्टरला. मागचं कुणाला दिसायलंय?”

एमआरआयच्या खोलीतून मी लंगडत बाहेर आले, तेव्हा आत्या काकांना हे सांगत होती. विषय माझ्या गुडघ्याचा होता; आतला दोर तुटला असेल तर अंगातूनच दुसरा काढून बसवावा लागेल, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. मी परभणीच्या त्या दवाखान्यातल्या बाकावर बसले.

सेलूच्या एका शाळेत मी नर्सरीला शिकवते. मुलांबरोबर फुगडी घालताना पाय जागेवरच राहिला, मी मात्र फिरले. आत टक्कन वाजलं.

दुपारी रिपोर्ट आला. एसीएल टेअर. एसीएल म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा, गुडघ्याच्या आतला दोर. माझा तुटला होता. त्याच्या जागी आपल्याच शरीरातला दुसरा दोर बसवतात. कुठला, एवढाच प्रश्न.

डॉक्टर म्हणाले, “दोन पद्धती आहेत. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोर. किंवा पटेलर टेंडन, म्हणजे वाटीखालचा पट्टा. हा हाडाच्या तुकड्यांसकट काढतात, त्यामुळे लवकर धरतो. पण काहींना पुढे गुडघे टेकताना दुखतं.”

“म्हणजे समोर व्रण?” आत्या म्हणाली. “स्थळं यायलीत हिला. मागूनच घ्या.”

“मागचा दोर काढायचा कापही समोरच असतो. वाटीच्या जरा खाली.”

आत्याने पर्स उघडली, आत काहीच शोधलं नाही आणि पुन्हा बंद केली.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. “जिल्हास्तरीय धावपटू. अरे वा. मग पटेलरच घेऊ.”

“लय चपळ हाय पोरगी,” काका म्हणाले.

मी मशीनमध्ये असताना फॉर्म काकांनी भरला होता. स्थळांना पाठवायचा माझा बायोडेटाही त्यांनीच लिहिलाय, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ आहे. आलेल्या तिन्ही स्थळांसमोर मी धावपटू होते, आणि तिन्ही वेळा मी चहाच्या कपाकडे बघत बसले होते.

पण वर्गात मी दिवसभर गुडघ्यांवर असते. बुटांचे बंद, वाहती नाकं, न उघडणारे डबे. मोठ्यांसमोर माझा आवाज फुटत नाही. मुलांच्या उंचीला आले की थांबत नाही. गुडघे टेकवले नाहीत, तर मी बोलणार कुठे?

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर घाबरू नका. पद्धती दोन्ही चांगल्या आहेत. फक्त फॉर्म स्वतः भरा, आणि आपण दिवसभर नेमकं काय करतो ते स्वतःच्या तोंडाने सांगा. माझ्या मांडीतला दोर आता गुडघ्यात रुळलाय. मी पुन्हा बुटांचे बंद बांधते.

त्या डॉक्टरांचे उपकार मानते ते ऑपरेशनइतकेच आणखी एका गोष्टीसाठी. त्या दिवशी ‘पटेलरच घेऊ’ म्हटल्यावर “बरोबर ना?” असं त्यांनी काकांना नाही, मला विचारलं, आणि पेन खाली ठेवून वाट पाहिली. बराच वेळ.

“मला रोज गुडघ्यांवर बसावं लागतं, डॉक्टर,” मी म्हणाले. “आणि काका, ती लिंबू-चमच्याची शर्यत होती. लिंबू पडलं होतं.”